विहिणीचा गुडघा

शरद आली होती. सुवर्णवसना, मंदगामिनी, धूसरनयना शरद. जर्मनीतल्या माइन नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उतारांवरून ती पावलापावलाने उतरली, आणि जिथे जिथे तिचं पाऊल पडलं तिथे हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं केशरी झालं, केशरीचं कुसुंबी झालं. पहाटे नदीतून धुकं उठायचं, मळ्यांतून हिंडायचं, गावाच्या लाल कौलांवर घटकाभर टेकायचं, आणि ऊन आलं की गुपचूप निघून जायचं. द्राक्षं खुडून झाली होती. पिंपं भरून झाली होती. आता गावाला एकच काम उरलं होतं, मजा करायचं.

उद्या रविवारी जत्रा. तिकडे तो गावच्या चर्चचा वाढदिवस. पण पाळणे तेच, पिपाण्या त्याच, पोरींच्या नव्या झग्यांची मिजास तीच. तेव्हा आपण आपली जत्राच म्हणू. चौकात तरुण मंडळी देवदाराचा उंचच उंच खांब दोर लावून उभा करत होती, आणि त्या शनिवारच्या सकाळी घरोघरी तूप कढत होतं.

तूप बरं का! साजूक, सुगंधी, सोनेरी तूप. वरच्या मजल्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या द्वारकाबाईंच्या नाकात तो वास शिरला आणि त्यांना एकदम रडूच यायला लागलं. रावेरकडचं घर सोडून तीन महिने होत आले होते. लेकीच्या, हेमांगीच्या, बाळंतपणाला आल्या होत्या. नात झाली, इरा नाव ठेवलं, डिंकाचे लाडू केले नि संपले, आणि बघता बघता सोमवारचं परतीचं विमान येऊन ठेपलं.

आता द्वारकाबाईंच्या हातांविषयी सांगायलाच हवं. शिरा वर आलेले, सडपातळ, उन्हाने रापलेले हात. पण पुरणाचे मांडे करणारे हात! पुरण भरलेला सैलसर, लुसलुशीत कणकेचा गोळा त्या हातांवर घ्यायच्या आणि या मनगटावरून त्या मनगटावर, त्या कोपरावरून या कोपरावर झुलवत झुलवत वाढवत न्यायच्या, इतका की पलीकडचा दिवा दिसावा. मग अलगद पालथ्या खापरावर टाकायच्या. पंचक्रोशीत कुणाकडे लग्न निघालं की पहिला सांगावा द्वारकाबाईंना. असे हात तीन महिने नुसते मांडीवर पडून होते.

का पडून होते? तर घराला दोन मजले. वरचा लेक-जावयाचा, खालचा विहीणबाईंचा. वरचा ओटा केवढा, तर एक कुकर नि एक कढई ठेवली की संपला. खरं स्वयंपाकघर खालचं: तांब्याच्या भांड्यांचं, निळ्या फरशीचं, लांबलचक लाकडी टेबलाचं, दिवसभर ऊन अंगावर घेऊन बसलेलं. आणि तिथे द्वारकाबाई पाहुण्या. ताट उचलायला गेल्या की विहीणबाई ताट काढून घेणार. सुरी उचलली की सुरी. हसून, मान लववून, खुर्ची पुढे सरकवून. अगत्यच ते, पण तेच अगत्य तीन महिने चाललं की टोचायला लागतं हो.

"हेमा, ज्या घरच्या चुलीला माझा हात लागला नाही, ते घर तुझं आहे हे मी कसं मानू?" त्या म्हणायच्या.

"आई, काहीतरीच असतं तुझं," हेमांगी म्हणायची.

पण द्वारकाबाईंच्या मनाने एकच धरलं होतं. जायच्या आधी, एकदा, फक्त एकदा, त्या खालच्या टेबलावर आपल्या हाताला पीठ लागावं. मग विमानात बसताना वाटेल की लेकीला परक्यांत सोडून नाही चाललो, आपल्याच माणसांत ठेवून चाललो. आणि सोमवार तर परवावर आला होता.

विहीणबाईंचं नाव रोझविटा. उंच, भरदार, रक्तगौर, रुपेरी अंबाड्याच्या रोझविटाबाई. त्या हसल्या की सगळं घर हसायचं. पण महिन्यापूर्वी आलुबुखाराच्या झाडावरून शिडीसकट धप्पकन खाली आल्या, आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. या वयात झाडावर कशाला चढायचं, हे त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. मनगटाचं एवढं काही नव्हतं. खरं दुखणं वेगळंच होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी त्या घरातून अकरा शेजाऱ्यांकडे अकरा ताटं जायची, क्नीक्यूखले नावाच्या तळलेल्या पक्वान्नाची. नाव म्हणताना जिभेला पीळ पडतो. आपण गुडघापुरी म्हणू, आणि असं का म्हणू ते लवकरच कळेल. एकेचाळीस वर्षं ती ताटं गेली होती. यंदा कोण करणार? हेमांगीने दोनदा प्रयत्न केला नि दोनदा पीठ फाडलं. मुलगा फ्लोरियान खांब उभारायच्या निमित्ताने चौकात पळाला, मोठा हुशार मुलगा. शेवटी रोझविटाबाई म्हणाल्या, बेकरीतून मागवा. आणि एवढं म्हणून खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"बेकरीतून?" द्वारकाबाईंनी लेकीकडून हे ऐकलं, पदर खोचला, आणि तडक जिना उतरल्या.

"विहीणबाई," त्या दारातूनच अस्सल मराठीत म्हणाल्या, "हात माझे घ्या."

हेमांगीने सांगायच्या आधीच रोझविटाबाईंना कळलं असावं. समोर पुढे केलेल्या त्या दोन हातांकडे त्या बघत राहिल्या. मग खुंटीवरचा एप्रन डाव्या हाताने काढून त्यांनी पुढे धरला. द्वारकाबाईंना इतका आनंद झाला की एप्रनची गाठ काही केल्या बसेना. ती हेमांगीने मारली.

मग काय विचारता! मैद्याचा शुभ्र ढीग टेबलावर पडला. त्यात आळं केलं, आळ्यात कोमट दूध, दुधात यीस्ट. लोणी वितळून आलं, साखर बेताची, मीठ चिमूटभर, लिंबाची साल किसून, आणि अंडी. अंडं द्वारकाबाई खात नाहीत. पण लेकीला रोज उकडून देता देता त्याची शिवाशिव कधीच गळून पडली होती. चाखायचं नाही, हात लावायचा, एवढाच नियम. मळलं, तिंबलं, आपटलं, पुन्हा मळलं. झाकून ठेवलं तर ते पीठ फुगलं, फुललं, पातेल्याच्या काठाशी येऊन डोकावलं. त्याचे गोळे झाले, आणि गोळे ओळीने कापडाखाली निजले. रोझविटाबाई डाव्या हाताने खूण करत होत्या, द्वारकाबाईंचे हात बरोबर तिकडे जात होते. दोघींत भाषा नव्हती, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते पुढे.

पहिला गोळा द्वारकाबाईंनी उचलला, बोटांना तूप लावलं, आणि हातांना जे ठाऊक होतं तेच हातांनी केलं. मांडा! गोळा झुलला, पसरला, रुंदावला. या मनगटावरून त्या मनगटावर, त्या कोपरावरून या कोपरावर. खिडकीतलं ऊन त्यातून आरपार आलं. हेमांगीने तर टाळीच वाजवली. मोठ्या अभिमानाने द्वारकाबाईंनी तो कढत्या तुपात सोडला, आणि तुपाने क्षणात त्याचा पापड केला. भलामोठा, बदामी, कडकडीत पापड.

"नाइन, नाइन, नाइन!" रोझविटाबाई उठून उभ्याच राहिल्या. नाही, नाही, नाही! कड कुठे गेली? मधला चंद्र कुठे गेला? अहो, गुडघापुरीची कड हवी जाडजूड, फुगीर, तांबूस. आणि मधला भाग पातळ, घुमटागत वर आलेला, तुपाच्या वर राहून पांढराच्या पांढरा. मांडा म्हणजे सगळीकडे सारखा, आणि हिचं सगळं रूप सारखं नसण्यात. ती हातावर होतच नाही. ती होते गुडघ्यावर. रोझविटाबाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आपल्या गुडघ्यावर थाप मारली, आणि मग द्वारकाबाईंच्या गुडघ्याकडे बोट केलं. तिथे ठेवा, तिथे ताणा.

द्वारकाबाईंचे हात मागे आले. चटका बसावा तसे, झटकन मागे आले.

"ओ माय! अन्नाला पाय?" त्या म्हणाल्या. "हेमा, दुसरं काहीही सांगा म्हणावं. पण खायच्या जिनसेला पाय लावायचा? दाणे निवडताना चुकून पाय लागला तर हात जोडतो आपण. मला नाही जमायचं बाई."

हेमांगी अडखळली. काय सांगावं, काय गाळावं, तिला सुचेना. पण मागे आलेले हात रोझविटाबाईंनी पाहिले होते, आणि त्यांचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला. ज्या गुडघ्यावर आपल्या आईने, आपल्या आजीने, आणि एकेचाळीस वर्षं आपण गावाला खाऊ घातलं, तो हिला घाण वाटला. त्यांचे गाल लालभडक झाले.

"बेकरीला फोन लाव," त्या हेमांगीला म्हणाल्या, आणि पाठ फिरवली.

झालं! तीन महिन्यांत मिळालेली एक सकाळ, आणि तिचीही माती झाली. द्वारकाबाई जिना चढल्या. एप्रन तसाच अंगावर, हाताला पीठ तसंच. लागावं लागावं म्हणून लागलेलं ते पीठ आता धुऊन टाकायचं होतं. इराच्या अंघोळीची वेळ टळत चालली होती. त्या न्हाणीघरात गेल्या, हात धुतले, पाय लांब करून बसल्या, आणि आपल्या पायांवर त्यांनी नातीला अलगद निजवलं. तेल चोळलं. कोमट पाणी खांद्यावरून, पोटावरून, इवल्या घोट्यांवरून ओतलं. पाण्यात त्यांचंही थोडं मिसळलं, पण ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

खाली कापडाखाली गोळे फुगत चालले होते. पीठ काही कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही.

दार करकरलं. दारात रोझविटाबाई. बाळाला असं पायांवर न्हाऊ घालताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या किंचाळल्या होत्या, आणि त्यानंतर या वेळेला वर फिरकल्या नव्हत्या. आज बहुधा भांडायलाच आल्या होत्या. पण समोर नात पायांच्या पन्हळीत निवांत पहुडली होती, तेलाने चकाकत होती, आणि पाणी अंगावर पडलं की सुखाने जांभई देत होती. बघता बघता रोझविटाबाईंचा राग उतरला. त्यांनी बोट केलं बाळाकडे. मग द्वारकाबाईंच्या पायांकडे. मग पुन्हा बाळाकडे. आणि दोन्ही भुवया उंचावून त्या थांबल्या.

द्वारकाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. घरातलं सगळ्यांत लाडकं, सगळ्यांत सोवळं जे, ते आपण रोज पायांवरच घेतो की! लेकरू चालतं, आणि पिठाचा गोळा चालत नाही?

"खरंच की गं बाई!" त्या म्हणाल्या आणि हसल्या. आधी ओठांत हसल्या, मग डोळ्यांत, मग खांदे गदगदायला लागले. ते हसू रोझविटाबाईंनाही लागलं. टॉवेल घेऊन आलेली हेमांगी दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली. आपल्या आईला आणि सासूला एकत्र हसताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"हेमा, सांग त्यांना," द्वारकाबाई म्हणाल्या, "मी घाण नाही म्हटलं. अन्न म्हणजे आम्हाला देव, त्याला पाय लागू नये, एवढंच आलं मनात. त्यांच्या गुडघ्याला मी कशाला नाव ठेवीन?"

हेमांगीने या वेळी एक शब्दही गाळला नाही. रोझविटाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग त्याही सावकाश बोलल्या.

"हिला म्हणावं, आमच्या गावात प्रत्येक घरची पुरी वेगळी असते, कारण प्रत्येक घरचा गुडघा वेगळा. हातात घेतल्याबरोबर लोक घर ओळखतात. बेकरीच्या पुरीला घरच नसतं. म्हणून मला ती नको होती."

"मग गुडघा तुमचाच हवा," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात तेवढे माझे. चला लवकर, गोळे आंबतील!"

धुतलेलं, इस्त्रीचं, पांढरंशुभ्र कापड रोझविटाबाईंच्या गुडघ्यावर पसरलं. काय तो गुडघा! रुंद, गोल, भक्कम, जत्रांमागून जत्रांत मुरलेला. द्वारकाबाई समोर बुटक्या स्टुलावर बसल्या, त्यांनी कापडाला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. हेमांगीचं लग्न इथल्या कचेरीत सह्या करून झालेलं. विहिणीचे पाय धुवायचे, मान करायचा, सगळं राहूनच गेलं होतं. तो मान आज असा पोचला, आणि घेणारीला तो कळलाही, कारण रोझविटाबाई एकदम ताठ बसल्या नि त्यांनी झगा नीट केला.

मग गोळा गुडघ्यावर आला. तुपाने माखलेली बोटं मधून कडेकडे निघाली, हळू, गोल, पुन्हा हळू, पुन्हा गोल. मध्य पातळ होत गेला, कड भरत गेली. मध्य चंद्र झाला, कड कंकण झाली. "गूट," रोझविटाबाई म्हणाल्या, छान. आणि छान म्हणताना गुडघा हलू नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. पुरी तुपात गेली. तूप हसलं, खदखदलं, कडेकडेने बुडबुड्यांची माळ झाली. कड फुगली, तांबूस झाली. मधला चंद्र वर आला, तुपाच्या वर आला, आणि पांढराच राहिला.

"अगं बाई, राहिला!" द्वारकाबाई ओरडल्या. त्या भाषेतलं काही कळायची गरजच नव्हती. रोझविटाबाईही तेच ओरडल्या असणार, कारण आवाज अगदी तसाच होता.

मग थांबतंय कोण! एक झाली, दहा झाल्या, वीस झाल्या. गोळा, गुडघा, तूप, ताट. गोळा, गुडघा, तूप, ताट. द्वारकाबाई खालच्या आवाजात लग्नातलं काहीतरी गुणगुणायला लागल्या, विहिणीला चिडवायचं, तिच्या नाकाविषयी नि नथीविषयी. रोझविटाबाईंनी आपल्याकडचं काहीतरी त्याच तालात सुरू केलं, आणि तेही बहुधा कुणाला तरी चिडवायचंच असावं. हेमांगी झारा घेऊन तळत होती, एक डोळा तुपावर नि एक डोळा इराच्या पाळण्यावर. चाळणीतून पिठीसाखर भुरभुरत होती. ती पुऱ्यांवर पडली, टेबलावर पडली, रुपेरी अंबाड्यावर पडली, काळ्या-पांढऱ्या वेणीवर पडली. सगळं स्वयंपाकघर गोड झालं होतं. द्वारकाबाईंचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, आणि त्यांना ते धुवायचेच नव्हते.

शेवटचा एक गोळा उरला. द्वारकाबाईंनी तो उचलला, तर रोझविटाबाईंनी मान हलवली. त्या उठल्या. आपल्या गुडघ्यावरचं कापड त्यांनी काढलं, झटकलं, उलटं केलं, आणि वाकून द्वारकाबाईंच्या गुडघ्यावर पसरलं.

"ओ माय," द्वारकाबाई म्हणाल्या. "हे काय? माझा कसला गुडघा, नुसतं हाड!"

पण हात मागे आले नाहीत. रोझविटाबाई समोरच्या स्टुलावर मोठ्या कष्टाने, कण्हत, हसत बसल्या. गोळा गुडघ्यावर ठेवला. एक डावा हात जर्मन, एक उजवा हात खानदेशी; एकीने इकडे ताणलं, एकीने तिकडे. पुरी लहानशी झाली, टोकदार झाली, एका बाजूला जरा कलली. तळून निघाली तेव्हा मधला चंद्र पांढरा होता, पण कुठल्याच चंद्रासारखा नव्हता. हेमांगी ती बाजूला ठेवायला लागली, तर सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली आणि ती पहिल्या ताटात, सगळ्यांच्या वर ठेवली.

फ्लोरियान आला. त्याच्या हाती पहिलं ताट दिलं, समोरच्या घरचं. समोरच्या कुनिगुंडबाई फाटकाशीच उभ्या होत्या. जन्माच्या शेजारीण, चौकस, चष्मेवाल्या. त्यांनी वरची पुरी उचलली, उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. मग मोठ्याने विचारलं, इतक्या मोठ्याने की खिडकीत उभ्या असलेल्या दोघींना ऐकू यावं. ही कुणाची? ही काही तुमच्या घरची नव्हे!

रोझविटाबाईंनी खिडकी सताड उघडली आणि गल्ली दणाणून सोडली. हेमांगीने ते आईला मराठीत सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा सांगितलं.

"त्या म्हणाल्या, आमच्याच घरची आहे. आमच्या घरात आता दोन गुडघे आहेत."

द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, त्या पीठभरल्या, तूपभरल्या, ऊनभरल्या हातांनी. आणि झाकलेल्या बोटांमधून हसू सांडत राहिलं, गालांवर, पदरावर, खिडकीच्या चौकटीवर, पांढरं, भुरभुरतं, थांबता थांबेना.